पाय गोळीने दुखतात की आणखी कशाने? फॉल्ट शोधायची माझी पद्धत

2024च्या जुलैत एका सकाळी मोरीतल्या पाटावरून मला उठता येईना. आधी भिंतीला हात लावला, मग नळ धरला, शेवटी सुनेला हाक मारली. तिने काखेत हात घालून उभं केलं आणि म्हणाली, "आई, वजन वाढलं काय तुमचं?" माझं वजन 48 किलो, लग्नात होतं त्याहून चारच जास्त. दोन्ही मांड्या मात्र शिसं ओतल्यासारख्या झाल्या होत्या. दुपारी वेणी घालताना हात डोक्याच्या वर ठरेनात. संध्याकाळी चर्नी रोडच्या पुलावर दोनदा थांबले, तेव्हा मागून येणाऱ्या एका मुलाने "आजी, बाजूला" म्हटलं. दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्याच्या दोन वर्षं आधी माझी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रात्री ॲटोर्वास्टॅटिन 40 मिग्रॅ, म्हणजे स्टॅटिन कुटुंबातली कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू होती. गिरगावच्या चाळीत बातमी जशी पसरते तशी निदानंही पसरतात. समोरच्या वहिनी म्हणाल्या, कोलेस्टेरॉलची गोळी घेता ना, मग तीच. नणंदेने फोनवर सांगितलं की त्या गोळीने स्नायू विरघळतात. मी गोळी बंद केली. तीन आठवड्यांत पाय मोकळे झाले, आणि गणपतीत मी तिसऱ्या मजल्यावरून चार वेळा खाली-वर केलं. मला वाटलं, जिंकले.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 71 होतं ते 138 झालं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, गोळी कोणी बंद केली?"

मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच 198वर, म्हणजे फोन बंद पडल्याच्या तक्रारी घेण्यात. तिथे पहिल्या महिन्यात शिकवतात ते मी माझ्याच शरीराच्या बाबतीत विसरले होते. फोन बंद आहे म्हणजे एक्स्चेंज बंद आहे असं नसतं. आधी घरातला फोन काढून दुसरा लावून बघायचा, मग भिंतीवरचा डीपीचा डबा, मग रस्त्यावरचं कॅबिनेट, मग एक्स्चेंज. एका वेळी एकच जोड सोडायचा. दोन जोड एकदम सोडले आणि लाइन चालू झाली, तर फॉल्ट कुठे होता ते कधीच कळत नाही. मी नेमके दोन सोडले होते. दुसरा कोणता, ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. हे ज्याच्या घरात ही गोळी आहे आणि ज्याचे पाय दुखतात त्याच्यासाठी, डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं त्याबद्दल आहे.

आधी, ज्यात थांबायचं नाही

अंग प्रचंड दुखतंय, हातापायांत जोर नाही, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होतेय: वही नको, फोन नको, त्या दिवशीची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल. स्नायू तुटून त्यातला मल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड तुंबतं. हे फार क्वचित होतं, वर्षाला दहा हजारांत एकालाही नाही, पण होतं. सेरिवास्टॅटिन नावाची याच कुटुंबातली गोळी याच कारणाने 2001 साली जगभरातून मागे घेतली गेली. डोळे पिवळे झाले किंवा ओठ-चेहरा सुजला तरीही थांबायचं नाही.

गोळीमुळे असेल असं वाटणाऱ्या बाकीच्या अंगदुखीला दोन दिवसांचा वेळ असतो. त्या दोन दिवसांत स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि स्टेंट असेल तर आणखी एक: पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये रोझुवास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही मिळतात. माणूस म्हणतो मी कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, आणि सोबत रक्त पातळ ठेवणारी दोन औषधंही सुटलेली असतात. त्याने स्टेंट बंद होऊ शकतो. माझ्या गोळ्या सुट्या होत्या म्हणून वाचले, अक्कल होती म्हणून नव्हे.

पाकीट वाचताना दुसरीही गंमत सापडते. हॉस्पिटलने एका कंपनीची लिहिलेली आणि घरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची लिहिलेली, नावं वेगळी, आत औषध एकच. आमच्या गॅलरीतल्या एका आजोबांची दोन्ही चालू होती.

तक्रार नोंदवा

198वर "फोन बरोबर नाही" ही तक्रार आम्ही घेत नसू. आवाज येत नाही, की जात नाही, की खरखर आहे, की पाऊस पडला की बंद होतो? डॉक्टरांपुढे "अंग दुखतं" म्हणणं तसंच आहे. घरात जुनी डायरी असतेच. माझ्या एका पानावर असं आहे:

"22 जुलै, सोमवार. सकाळी उठताना दोन्ही मांड्या, दहात सहा. पोटऱ्या तीन. खांदे चार, वेणी घालताना. सांधे नाहीत. जिना: पहिल्या मजल्यापर्यंत ठीक, दुसऱ्यावर थांबले. काल बाजार नव्हता, ओझं नाही. गोळ्या: रोजच्या. शिवाय नायट्याची कॅप्सूल, दिवस विसावा."

शेवटची ओळ मी सवयीने लिहिली होती. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते त्या ओळीवर.

नोंदीतून डॉक्टर काय वाचतात ते मला त्यांच्याकडूनच कळलं. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. पाय भरून येतात, जड होतात, गोळे येतात. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण चार ते बारा आठवड्यांत ते दिसतं आणि गोळी थांबवली की दोन-चार आठवड्यांत जातं. एकाच गुडघ्यात दुखतं, किंवा कमरेतून चमक निघून एका पायात उतरते, तर गोळीकडे बघण्याआधी गुडघ्याकडे आणि कण्याकडे बघावं. चालताना पोटरी आवळते, उभं राहिलं की सुटते, पुन्हा चाललं की पुन्हा आवळते, हे असेल तर फारच जपून. ते पायाच्या रक्तवाहिनीतल्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावरच्या उपचारात हीच गोळी असते. असा माणूस दुखतं म्हणून गोळी सोडतो तेव्हा तो उलट्या दिशेच्या लोकलमध्ये बसलेला असतो.

गोळी पाच वर्षं सुखाने चालू आहे आणि दुखणं गेल्या महिन्यातलं आहे? मग प्रश्न गोळीचा कमी आणि गेल्या महिन्यात नवीन काय झालं त्याचा जास्त. माझी दोन वर्षं चालली होती.

दुसरा जोड

मुंबईच्या पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळतात. परकराची नाडी जिथे बसते तिथे मला जूनमध्ये नायटा उठला. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "बीपी, शुगरची गोळी चालू आहे का?" मी म्हटलं, बीपीची आहे. स्टेंटचं सांगितलं नाही, कोलेस्टेरॉलची गोळीही सांगितली नाही. खोटं बोलायचं नव्हतं. ती गोळी आता पोळीभाजीसारखी रोजची झाली होती, औषध वाटेनाशी झाली होती. त्यांनी इट्राकोनाझोल लिहून दिली, महिनाभराची.

ॲटोर्वास्टॅटिन शरीरातून बाहेर काढायचं काम यकृतातला एक एन्झाइम करतो. इट्राकोनाझोल त्याच एन्झाइमला बांधून टाकते. म्हणजे मी गिळत होते 40, आणि रक्तात साठत होतं त्याच्या तिपटीच्या आसपास. मोरीचं भोक तुंबलेलं आणि नळ चालू. कॅप्सूलचा कोर्स संपायला आणि मी चिडून ॲटोर्वास्टॅटिन बंद करायला एकच आठवडा गाठ पडली. दोन्ही जोड एकदम सुटले, पाय बरे झाले, आणि दोष सगळा एकीच्या माथी गेला.

नायट्याच्या कॅप्सूलसारखीच क्लॅरिथ्रोमायसिन, ही खोकल्या-छातीसाठी दिली जाणारी अँटिबायोटिक. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, तिच्यासाठीचं जेमफायब्रोझिल तर स्टॅटिनबरोबर टाळतातच. ग्रेपफ्रूटचा रस घेऊ नये असं पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं. गिरगावात ग्रेपफ्रूट कोण खातं म्हणून मी हसले होते, पण त्याचं सख्खं भावंड म्हणजे आपलं पपनस. एखादी फोड खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही, पण रोज पपनस खायचं तर विचारून खावं. यातलं बरंचसं ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिनला लागू आहे. रोझुवास्टॅटिन त्या एन्झाइमवर फारशी अवलंबून नाही. तिचं वेगळं नखरं: ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं औषध पाठोपाठ घेतलं तर ती नीट शोषली जात नाही, मध्ये दोन तास हवेत. रात्री वडा खाऊन जळजळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोणत्या तपासण्या मागायच्या

सीपीके ही स्नायूंची. माझी 640 आली, मर्यादेच्या तिप्पट-चौपट. दहापटीच्या वर गेली तर डॉक्टर गोळी थांबवतातच. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस अंगमेहनत करू नका, दंडात-कुल्ल्यात इंजेक्शनही नको, नाहीतर आकडा त्यानेच वाढतो. पिण्याच्या पाण्याचे हंडे तीन मजले चढवून दुसऱ्या दिवशी सीपीके केली तर निम्मी चाळ आजारी निघेल.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड, माझ्या मते पहिली करावी. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि स्नायूही दुखतात. म्हणजे ज्या रोगाने कोलेस्टेरॉल वाढवलं त्यानेच पाय दुखवले, आणि शिव्या बिचाऱ्या गोळीला. बायकांत हे पुष्कळ असतं. माझी टीएसएच ठीक निघाली. ड जीवनसत्त्व कमी होतं. ते भरून काढलं, हाडांसाठी चांगलंच, पण त्याने गोळीचं दुखणं टळतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

यकृताची एसजीपीटी थोडी वाढलेली असते, लोक घाबरतात. मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 पासून दर थोड्या महिन्यांनी यकृत तपासत राहण्याची अटही काढून टाकली. साखरेचं मात्र खरं आहे. स्टॅटिनने साखर किंचित चढते, आणि जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत ते थोडे लवकर आत जातात. 2010 साली लॅन्सेटमध्ये आलेला हिशेब असा: 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जास्तीचा मधुमेही. डोस मोठा असेल तर धोकाही मोठा. माझी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 5.9 होती, 6.1 झाली. दुपारच्या चहातली साखर बंद केली. विसरभोळेपणाची तक्रारही पुष्कळ जण करतात. मोठ्या चाचण्यांत तसं काही निघालेलं नाही. मी गॅसवर दूध ठेवून विसरते, पण ते 1987 पासून.

साठ माणसं, बारा बाटल्या

डॉक्टरांनी मला लंडनच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं, ते ऐकून मला आमचा टेस्ट डेस्क आठवला. 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला, नाव सॅमसन. त्रास होतो म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडलं होतं अशी साठ माणसं घेतली. प्रत्येकाला एकेक महिन्याच्या बारा बाटल्या: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या, चार रिकाम्या. कोणत्या गोळीत औषध आहे ते त्यांना माहीत नाही. रोज त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8.0, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4, खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. गोळी गिळल्याने त्रास होत होता हे खरं, पण त्यातला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही होत होता. आकडे त्यांना दाखवल्यावर निम्म्या माणसांनी गोळी पुन्हा सुरू केली.

2022 साली अनेक मोठ्या चाचण्यांची एकत्र मोजणी झाली, तिथेही तेच. स्टॅटिन घेणाऱ्यांत 27.1 टक्क्यांनी स्नायू दुखल्याचं सांगितलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत 26.6 टक्क्यांनी. पन्नाशीनंतर माणसाचं अंग दुखतंच, त्याला गोळी लागत नाही.

हे ऐकून मला आधी राग आला. म्हणजे मी नाटक करत होते? माझी सीपीके 640 होती, ती काय मनाने वाढवली? डॉक्टर म्हणाले, "तुमचं खरंच होतं काकू. म्हणून तर आता नीट शोधू या." दहातलं एक दुखणं खरं असतं, आणि ज्याचं खरं आहे त्याला बाकीच्या नऊंच्या रांगेत ढकलायचं नाही. उरलेल्या नऊंनाही दुखत असतंच, फक्त कारण बाटलीत नसतं. खरं दुखण्याची शक्यता कोणाला जास्त? वय जास्त, अंगकाठी बारीक, बाईमाणूस, थायरॉइड किंवा मूत्रपिंड मंद, डोस मोठा. आणि आपण आशियाई लोक. रोझुवास्टॅटिन आपल्या रक्तात गोऱ्यांपेक्षा जास्त साठते, म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकातही आशियाई माणसाला 5 मिग्रॅपासून सुरू करा असं लिहिलं आहे.

पुन्हा जोडताना

रीत अशी: डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन ते चार आठवडे गोळी थांबवायची, पाय आणि सीपीके जागेवर आल्याचं पाहायचं, मग वेगळी गोळी किंवा कमी डोस, आणि वही चालू. दर सहा आठवड्यांनी एकच बदल. माझी नोंद देते. सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही, पण कोणती पायरी किती देते याचा अंदाज येईल.

काहीही न घेता 138. रोझुवास्टॅटिन 5 वर 86, पाय शांत. 10 वर 77. डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरतं, हा नियम मला इथे डोळ्यांनी दिसला. त्रास मात्र दुपटीने वाढू शकतो. म्हणून 20 वर न जाता 10 बरोबर एझेटिमिब 10 जोडली. ती यकृताशी भांडत नाही, आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, आणि स्नायूंना सहसा त्रास देत नाही. एलडीएल 60. हार्ट अटॅक किंवा तशा दुखण्यातून उठलेल्या 18,144 माणसांवरच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टॅटिनला हिची जोड दिल्यावर पुढचे झटके थोडे कमी झाले. थोडेच, पण झाले.

मला गाठायचं होतं 55च्या खाली. हा आकडा कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या मार्गदर्शनातला आहे, माझे पाय अडले त्याच जुलैत आलेला: साधारण माणसाचं एलडीएल 100च्या खाली, जास्त धोक्याच्याचं 70, आणि माझ्यासारखी स्टेंटवाली असेल तर 55.

रोज 5 मिग्रॅही सोसत नसेल तर काही डॉक्टर रोझुवास्टॅटिन एक दिवसाआड देतात. ती रक्तात बराच वेळ टिकते म्हणून हे जमतं. उरलेला पल्ला एझेटिमिब काढते. स्टॅटिन काही केल्या सोसतच नाही अशांसाठी बेम्पेडोइक ॲसिड ही गोळी आता आपल्याकडेही मिळते. तिची युक्ती मला आवडली: ती यकृतात पोचल्यावरच जागी होते, स्नायूंत तिला जागं करणारा एन्झाइमच नसतो. 2023च्या चाचणीत, स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास चौदा हजार माणसांत, तिने हृदयाच्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी केल्या. पण युरिक ॲसिड वाढतं, सांधा सुजवणारा गाउट उठू शकतो, पित्ताचे खडेही. वरच्या मजल्यावरच्या भाऊंचा अंगठा वर्षातून दोनदा टोमॅटोसारखा होतो. त्यांनी ही गोळी मागण्याआधी तो अंगठा डॉक्टरांना दाखवावा.

मग इंजेक्शनं. दर दोन आठवड्यांनी पोटावर टोचायची आहेत, त्यांनी एलडीएल निम्म्याहून कमी होतं. इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन सुरुवातीच्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा. काम चोख, किंमत ऐकून मात्र छाती खरंच दुखते: इन्क्लिसिरानचा एक डोस लाखाच्या घरात. घराण्यातच कोलेस्टेरॉल भयंकर असेल, किंवा सगळं करून आकडा उतरत नसेल, त्यांच्यासाठी तो रस्ता आहे. साध्या गोळ्या मी आता जनऔषधी केंद्रातून आणते, तेच औषध निम्म्याहून कमी पैशांत.

नैसर्गिक म्हणून जे सांगतात ते

नणंदेने गुग्गुळ पाठवला. 2003 साली अमेरिकेत गुग्गुळाच्या अर्काची नीट चाचणी झाली, त्यात एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. लसूण, हळद, दालचिनी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लाल यीस्टचा तांदूळ या सगळ्यांना 2022 साली 28 दिवस रोझुवास्टॅटिन 5 मिग्रॅच्या शेजारी उभं केलं. गोळीने एलडीएल 37.9 टक्के उतरलं, बाकी एकही खोट्या गोळीच्या पुढे गेलं नाही. लसणीच्या गोळीने तर उलट वाढलं. लसूण चटणीत घाला, कोण नको म्हणतंय? पण तिला औषध म्हणू नका.

लाल यीस्टच्या तांदळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यात मोनाकोलिन के नावाचं द्रव्य असतं आणि रसायनशास्त्राच्या भाषेत ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, 1987 साली बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे स्टॅटिन नको म्हणून माणूस स्टॅटिनच घेतो, फक्त किती मिग्रॅ ते डबीवर नसतं. मुळात हे औषध बुरशीतून आलेलं. 1970च्या दशकात जपानमध्ये अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि तांदळावरच्या एका हिरव्या-निळ्या बुरशीत पहिलं द्रव्य सापडलं. नायट्याची बुरशी आणि ही बुरशी, माझ्या पायांचा सगळा पावसाळा बुरशांनीच खाल्ला म्हणायचा.

स्वयंपाकघरातून जे खरंच मिळतं

इसबगोल. रोज दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन भरलेले मोठे चमचे, भरपूर पाण्यातून. एलडीएल पाच ते दहा टक्के उतरतं. आतड्यात ते चिकट जेली होऊन पित्ताला धरून बाहेर नेतं, मग यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. औषधांच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास ठेवा, नाहीतर ते गोळीलाही धरतं. पाणी कमी घेतलं तर घशात अडकतं. मला पहिल्या दिवशी अडकलं होतं.

कोकणी घरात खरा प्रश्न नारळाचा. खोबरेल तेल एलडीएल वाढवतं, यावर "आमची आजी नव्वद जगली" हे उत्तर नाही. नारळ सोडा असं मी म्हणणार नाही, माझ्याच्याने झालंही नाही. पूर्वी चौघांच्या कालवणाला अख्खी वाटी खवायचे, आता तेच काम पाव नारळावर आणलं. वाटणात भाजलेला कांदा वाढवला, आमटीला चिंचगूळ. तळणी शेंगदाणा तेलात आणि आठवड्यातून एकदा. बोंबील रव्यात घोळून तव्यावर, कढईत नाही. मोदकावर तूप आहेच, पण दोन मोदकांवर, अकरांवर नाही. वनस्पती तूप घरात येत नाही. 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलं झालं, तरी खारी-नानखटाईच्या पुड्यात संतृप्त चरबी असायची ती असतेच.

बांगडा खा, पण हिशेब समजून. मासळीची चरबी ट्रायग्लिसराइडला बरी, एलडीएलला फार काही करत नाही. आणि ट्रायग्लिसराइड वाढतं ते भात, साखर आणि दारूने. रिपोर्टवरची कोणती ओळ वाढली आहे ते पाहूनच ताटात हात घालावा. आमच्याकडे एलडीएल वाढलेला माणूस भात सोडतो आणि ट्रायग्लिसराइड वाढलेला अंडं.

या सगळ्याने माझं 60चं 54 झालं. सहा गुण. जेवणाने 138चं 54 झालं नसतं, हे त्या आकड्यांकडे बघूनच कळतं. चालणं ठाकूरद्वारहून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हवर थोडं पुढे, रोज. त्याने एलडीएल फार उतरत नाही, साखर आणि बीपीला मात्र उपयोग होतो, आणि पाय आपलेच आहेत हे रोज तपासून होतं.

चिठ्ठी

आता पाकिटात, रेल्वेच्या पासामागे, एक चिठ्ठी असते. सगळ्या गोळ्यांची मूळ औषधाची नावं, डोस, वेळ, स्टेंट कधी बसला, आणि खाली लाल शाईने: "इट्राकोनाझोलबरोबर ॲटोर्वास्टॅटिन 40, सीपीके 640, जुलै 2024." दाताच्या, डोळ्याच्या, त्वचेच्या, कोणत्याही डॉक्टरांपुढे बसले की तोंड उघडण्याआधी ती टेबलावर ठेवते.

2025च्या जूनमध्ये नायटा परत आला, त्याच जागी. त्याच त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, लाल ओळ दोनदा वाचली, आणि मलम लिहून दिलं. "हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, तुम्ही बीपी-शुगर विचारलंत. ते हसले, आणि चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. परकराची नाडी मात्र रोज इस्त्री करून वाळवा म्हणाले, ते काही अजून जमलेलं नाही.